पाठीवरचा खो

शिवांजलीचे कान गेले तेव्हा ती आठवीत होती. मेंदूज्वर झाला, अठरा दिवस बीडच्या दवाखान्यात काढले आणि पोरगी जिवावरच्या दुखण्यातून वाचली म्हणून घरच्यांनी लिंबागणेशच्या गणपतीला पेढे वाटले. ती बहिरी झालीय हे पेढे वाटून झाल्यावर चार दिवसांनी कळलं. डाव्या कानात थोडंसं उरलं होतं. एसटीचा हॉर्न यायचा, कुणी पत्र्यावर धोंडा टाकला तर तो यायचा. बाकी सगळं बंद. बोलायला मात्र तिला पहिल्यासारखंच येत होतं, फक्त आपला आवाज किती मोठा होतोय याचा अंदाज राहिला नव्हता.

तिचे वडील मन्मथअप्पा यांचं गावात किराणा दुकान होतं. त्यांनी दोनदा तिला औरंगाबादला नेलं, खिशात ठेवायचं डबीएवढं यंत्र आणलं. त्या यंत्रातून पंख्याचा आवाज, बाक सरकवल्याचा आवाज आणि माणसाचा आवाज सगळा एकाच मापाचा यायचा. महिनाभरात तिनं ते ट्रंकेत टाकून दिलं. अप्पांनी विचारलं नाही. खरं तर त्यांनी त्यानंतर तिला फारसं काही विचारलंच नाही. माणूस वाईट नव्हता, पण पोरीपुढं ओठ मोठे करून, हातवारे करून बोलायचं म्हटलं की ते शाम्पूच्या पुड्यांच्या माळा सारख्या करत बसायचे. आई, साखराबाई, बोलायची, पण कामापुरतं. जेव. चल. दळण आण. चौघं जेवायला बसली, धाकट्या भावानं काही सांगितलं, सगळे हसले, की शिवांजली विचारायची, "कावून हसले?" आणि आई हात हलवून म्हणायची, "काही न्हाई."

हे 'काही न्हाई' तिला ओठांवरून सगळ्यात लवकर वाचता यायला लागलं.

बारावी झाली. बाहेरून परीक्षा दे, कॉलेजात जाऊन तुला काय कळणार, असं आईचं म्हणणं होतं. अप्पा मात्र एकदाच काय ते ठाम राहिले. शहाण्णव सालच्या जुलैत त्यांनी तिला बीडच्या एका नव्या विनाअनुदान कॉलेजात बी.ए.ला घातलं. पत्र्याच्या सहा खोल्या, पुढं मुरमाचं मैदान, कडेला दोन लिंबाची झाडं. सकाळी आठच्या एसटीनं जायचं, संध्याकाळी साडेपाचच्या एसटीनं यायचं. पहिल्या बाकावर बसायचं. सर फळ्याकडं तोंड करून शिकवायचे, आणि त्यांचं तोंड फळ्याकडं गेलं की तिचा तास तिथंच संपायचा. पोरी पहिल्या आठवड्यात बोलायला आल्या. दुसऱ्या आठवड्यात चिठ्ठीवर लिहून बोलल्या. तिसऱ्या आठवड्यापासून नुसत्या मान हलवून पुढं जायला लागल्या. मागं कुणी हसलं की तिला वाटायचं आपल्यालाच हसले. वळून बघावं तर हसू थांबलेलं असायचं, त्यामुळं ते खरं होतं की खोटं हे कधीच कळलं नाही.

तास तीनला सुटायचे. बसस्टँडवर पोरं त्रास द्यायची म्हणून ती पाचपर्यंत मैदानाकडेच्या लिंबाखाली बसून राही. त्याच मैदानावर मुलींचा खो-खो चाले. मळलेल्या टी-शर्टातल्या आठ-दहा पोरी, दोन खांब, आणि गळ्यात शिट्टी अडकवलेले त्रिंबक सर. त्रिंबक सर नावाला क्रीडाशिक्षक. संस्थेनं त्यांना तीन वर्षं 'कायम करू' यावर ठेवलं होतं. दीड महिना शिवांजली तो खेळ बघत बसली. कोण कुणाला खो देणार, कोण उठताना कच्ची आहे, कोणती पोरगी खांबापाशी घाबरते, हे सगळं तिला पाठ झालं.

सप्टेंबरात एका दुपारी बसणाऱ्यांत एक पोरगी कमी पडली. कप्तान होती आम्रपाली, जिल्हा परिषदेतले शिपाई बन्सी यांची मुलगी. काळी, काटक, चालताना सुद्धा पळत असल्यासारखी. ती सरळ लिंबाखाली आली आणि काहीतरी बोलली.

"मला ऐकू येत न्हाई," शिवांजली म्हणाली. बहुतेक फार मोठ्यानं म्हणाली, कारण मैदानावरच्या पोरींनी वळून बघितलं.

आम्रपाली तिच्यासमोर उकिडवी बसली. तोंड बरोबर तिच्या तोंडासमोर आणलं आणि सावकाश म्हणाली, "मग? खो पाठीवर देतेत. पाठ हाय ना तुला?"

शिवांजलीनं चप्पल काढली. ओढणी कमरेला बांधली आणि दोन खांबांच्या मधल्या चौकोनात जाऊन बसली. समोरून एक पोरगी धावत गेली, मुरूम उडाला, आणि मग पाठीवर, मानेच्या जरा खाली, सपकन हात पडला. ती उठली. किती दिवसांत तिला कुणी हात लावला नव्हता, हे तिला पळताना कळलं. पळणारीला तिनं सहाव्या पावलावर गाठलं.

अडचण होती ती शिट्टीची. खो-खोत पाठलाग करणाऱ्या पोरीचं पाऊल चुकलं, की पंच शिट्टी मारतो आणि तिला दिशा बदलावी लागते. शिवांजलीला शिट्टी ऐकूच यायची नाही. ती आपली पळतच राही. पहिले आठ दिवस त्रिंबक सर डोक्याला हात लावून बसले. मग आम्रपालीनं युक्ती काढली. शिट्टी झाली की बसलेल्या सगळ्या पोरींनी उजवा हात वर करायचा. आठ हात एकदम वर गेलेले दिसले की शिवांजलीनं थांबायचं. पंधरा दिवस त्याच एका गोष्टीचा सराव झाला. कावेरी नावाची एक फटकळ पोरगी होती, ती वैतागली. "आमी खेळायचं का हिच्यासाठी हात वर करीत बसायचं?" असं ती म्हणाली, आणि शिवांजलीला ते ओठांवरून कळलं. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी हात वर गेला तो कावेरीचाच.

तिथून तिचे दिवस बदलले. या पोरी तिच्याकडं तोंड करून बोलायच्या. कुणी हसलं आणि शिवांजलीनं "कावून?" म्हणून बघितलं, की ज्या पोरीनं विनोद केला तिनंच तो परत सांगायचा, असं आम्रपालीनं ठरवून टाकलं होतं. दुसऱ्यांदा सांगितलेला विनोद बहुधा पडायचा. तरी सांगायच्या. रसवंतीच्या बाकावर, मैदानाच्या कडेला, बसस्टँडवर तिला साडेपाचच्या गाडीत बसवून देताना त्या तिला जगातलं सगळं सांगायच्या. कुणाला बघायला कोण आलं, कोणत्या सरांनी कुणाला काय म्हटलं, टीव्हीवरच्या मालिकेतली बाई कुणाशी का बोलत नाही. चार वर्षांचं उपाशी माणूस जेवावं तशी ती ते सगळं बघून घ्यायची.

एकदा सराव लांबला तेव्हा ती आम्रपालीच्या घरी जेवली. आम्रपालीच्या आईनं, जाईबाईनं, ज्वारीची भाकर आणि वांग्याचं कालवण वाढलं आणि ती तिच्याशी इतकं बोलली, की शिवांजलीला अर्धंही कळलं नाही. पण थांबवावंसं वाटलं नाही. घरी आल्यावर साखराबाईनं विचारलं, "कुठं जेवलीस?" शिवांजलीनं नाव, गल्ली सगळं खरं सांगितलं. आईनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तिचं ताट उचलून ठेवलं.

डिसेंबरात माजलगावला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होत्या. अप्पांनी परवानगी दिली. निघताना दुकानातून ग्लुकोजच्या बिस्किटांचे सहा पुडे पिशवीत घातले.

पहिले दोन सामने त्यांनी जिंकले. उपांत्य सामन्यात समोर मोठं, जुनं, नावाजलेलं कॉलेज होतं. मैदानाभोवती गर्दी होती. दुसऱ्या डावात चार मिनिटं उरली होती, आणि अजून तीन गडी मारले की आम्रपालीचा संघ पुढं जाणार होता. समोरची एक पळणारी, गंगासागर नावाची उंच पोरगी, बसलेल्या पोरींच्या मधून नागमोडी साखळी करत करत सगळ्यांना दमवत होती. कावेरीनं शिवांजलीला खो दिला. शिवांजली उठली ती खांबाकडं. गंगासागर तिच्यापुढं दोन हातांवर होती.

खांब जवळ आला तेव्हा शिवांजलीचं पाऊल मधल्या रेषेवर पडलं. पंचानं शिट्टी मारली. बसलेल्या आठही पोरींनी हात वर केले. पण त्या सगळ्या तिच्या पाठीमागं होत्या. गंगासागरनं शिट्टी ऐकली. फाऊल झालाय, आता ही पोरगी मागं फिरणार, म्हणून ती निवांत थांबली. श्वास घ्यायला तिनं कमरेवर हात ठेवले. शिवांजलीला दिसलं ते एवढंच, की पुढची पोरगी दमली. तिनं सूर मारला.

धडक तिच्या खांद्याला बसली, आणि गंगासागर पाठीमागं खांबावर गेली. काहीतरी मोडलं. शिवांजलीला ते ऐकू आलं नाही, पण तिच्या खांद्यातून ते तिला कळलं.

शिवांजली उठून उभी राहिली तेव्हा पोरगी जमिनीवर होती, एक हात दुसऱ्या हातानं धरून, तोंड उघडं. भोवतीच्या सगळ्यांची तोंडं उघडी होती. इतकी माणसं एकाच वेळी ओरडताना तिनं कधी बघितली नव्हती, आणि तिच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचत नव्हतं. समोरच्या संघाचा व्यवस्थापक धावत आला. त्याचं तोंड तिच्या अगदी समोर होतं, त्यामुळं एकही शब्द सुटला नाही. "बहिरीला खेळवता? जीव घ्यायला आणली का बे हिला?"

पंचांनी तिला बाहेर काढलं. तिच्या जागी बदली पोरगी आली. आम्रपाली तिच्याजवळ आली तेव्हा शिवांजली म्हणाली, "जा, खेळ." आम्रपाली गेली. उरलेली मिनिटं शिवांजलीनं गुडघ्यात तोंड घालून काढली. सामना हरल्याचं तिला पोरींच्या पायांवरून कळलं. जिंकलेले पाय असे चालत नाहीत.

रात्री मुक्कामाच्या ठिकाणी सगळ्या जेवायला बसल्या. भाताची परात मधे निवत होती. शेवटी कावेरीनं हात धुतले, शिवांजलीसमोर येऊन बसली आणि तिला नीट कळेल असं म्हणाली, "तू नसतीस तर आपण फायनलला असतो. मला लई राग आलाय तुझा. सांगितल्याबिगर झोप लागली नसती." आणि मग आपल्याच पांघरुणाचा अर्धा भाग तिच्या अंगावर टाकून तिच्या शेजारीच झोपली.

सकाळी निघण्याआधी आम्रपाली आणि शिवांजली दवाखान्यात गेल्या. गंगासागरच्या खांद्याजवळचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. ती खाटेवर अर्धवट बसली होती, खांद्याला पट्टे बांधलेले. शिवांजलीनं उरलेली बिस्किटं तिच्या उशाशी ठेवली आणि म्हणाली, "माझं चुकलं. मला शिट्टी ऐकू आली न्हाई." गंगासागरनं तिच्याकडं बघितलं आणि तोंड भिंतीकडं केलं. तिची आई खिडकीपाशी पाठमोरी उभी होती. ती बोलायला लागली. बाई पाठमोरी होती तरी ती बोलतेय हे शिवांजलीला तिच्या खांद्यांवरून, हलणाऱ्या पदरावरून दिसत होतं. बाई पुष्कळ वेळ बोलली. आम्रपालीचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर शिवांजलीनं विचारलं, "काय म्हणल्या त्या?"

"काही न्हाई," आम्रपाली म्हणाली.

शिवांजली तिथंच थांबली. जिन्याच्या कठड्याला धरून ती नुसती आम्रपालीकडं बघत राहिली. आम्रपाली चार पायऱ्या उतरली, मागं बघितलं, परत वर आली.

"सांग," शिवांजली म्हणाली. "घरी सगळे असंच म्हणतेत. तू न्हाई म्हणायचं."

"चांगलं न्हाई बोलल्या."

"तरी सांग."

मग आम्रपालीनं सांगितलं. व्हरांड्यात रोग्यांची ये-जा चालू होती, आणि ती शिवांजलीच्या समोर उभी राहून, एकेक शब्द तोंडात नीट धरून सांगत राहिली. त्या बाई म्हणाल्या की गंगासागरचं लग्न ठरलंय, फेब्रुवारीतली तारीख आहे. हाड वाकडं बसलं तर तिकडचे लोक काय म्हणतील? म्हणाल्या, देवानं जिचे कान काढून घेतले तिला आईबापानं घरात बसवावं, दुसऱ्यांच्या लेकरांवर सोडू नये. म्हणाल्या, हिचं तर काही व्हायचं नाहीच, आमच्या पोरीचं कावून वाटोळं केलं.

हे सगळं सांगून झालं तेव्हा आम्रपाली रडत होती. शिवांजली रडली नाही. तिनं सगळं नीट बघून घेतलं, आणि मग विचारलं, "लग्न मोडलं तर?"

"मला काय ठाव," आम्रपाली म्हणाली.

लग्न मोडलं की झालं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. शिवांजलीनं जानेवारीत गंगासागरच्या कॉलेजच्या पत्त्यावर दोन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही.

बीडला परत आल्यावर प्राचार्यांनी त्रिंबक सरांना बोलावून घेतलं. स्पर्धेच्या समितीकडून पत्र आलं होतं. या मुलीला यापुढं कुठल्याही संघात खेळवायचं नाही, काही झालं तर जबाबदारी संस्थेची. त्रिंबक सरांनी डॉक्टरचा दाखला आणतो म्हणून बघितलं, पंचांनी शिट्टीबरोबर लाल रुमाल दाखवावा असं सुचवून बघितलं. प्राचार्य म्हणाले, "सर, तुम्हाला कायम व्हायचंय ना?" सरांनी हे पोरींना जसंच्या तसं सांगितलं, आणि सांगताना ते शिवांजलीकडं तोंड करून बोलले. तेवढं त्यांनी केलं.

ती सरावाला येत राहिली. सामने नाहीत तर नाहीत. दुपारी तीनला ती मैदानावर असायची, चौकोनात बसायची, पाठीवर हात पडला की उठायची. पण पूर्वीसारखं सुटून पळणं तिला जमेना. पुढची पोरगी जरा जरी थबकली, की शिवांजलीचे पाय आपोआप थांबायचे आणि मान मागं वळायची, हात वर आहेत का बघायला. हात वर नसायचेच. आम्रपाली ओरडायची, पळ, पळ. आणि ती उभीच. महिनाभरानं तिनं स्वतःच सांगितलं, "मी बसणाऱ्यांत बसते. मला खो देऊ नका." कावेरीनं तरी एकदा दिला. शिवांजली उठली आणि चालत खांबापर्यंत गेली.

मार्चात मैदानात जेसीबी आला. रस्त्याच्या बाजूनं संस्थेला दुकानांचे गाळे काढायचे होते. बीडमधे तेव्हा रस्त्याला लागून असलेल्या प्रत्येक मोकळ्या जागेवर गाळे उठत होते. एसटीडी बूथ, झेरॉक्स, कॉम्प्युटर क्लास. दोन्ही खांब उपटून लिंबाखाली आडवे टाकले. पुढं मैदान देऊ असं संस्थेनं सांगितलं. त्रिंबक सरांनी जूनमधे काम सोडलं आणि ते गेवराईकडं कुठल्या शाळेवर गेले. ते कायम झाले की नाही, कुणाला माहीत नाही.

त्याआधी मे महिन्यात आम्रपालीचं लग्न झालं. नवरा भोसरीला कंपनीत होता. दुसऱ्या वर्षाची परीक्षा तिकडून देईन म्हणाली. सगळ्यांनी माना हलवल्या. लग्नाला संघातल्या सात पोरी आल्या. साखराबाईनं शिवांजलीला एकटीला पाठवायला नको म्हटलं. अप्पांनी दुकान धाकट्या पोरावर टाकलं आणि ते स्वतः तिच्याबरोबर आले. मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसून राहिले. जाईबाईनं दोनदा आग्रह केला तेव्हा उठून पंगतीला बसले. शिवांजली लांबून बघत होती. अप्पांनी बुंदीचा एक घास घेतला, मग दुसरा.

मंगलाष्टकं नव्हती, बुद्धवंदना होती. पोरींनी शिवांजलीला मधे उभं केलं. भंतेजी काय म्हणतायत, नवऱ्याच्या मावशीला कशाचा राग आलाय, कोण कुणाकडं बघतंय, हे दोन्ही बाजूंनी तिला सांगणं चालू होतं. कावेरी सांगताना रडत होती आणि मधेच हसत होती, त्यामुळं तिचे ओठ वाचायला फार अवघड जात होतं.

पाचला जीप आली. आम्रपाली आईच्या गळ्यात पडली, बन्सींच्या पाया पडली, मग पोरींपाशी आली आणि एकेकीला मिठी मारत शेवटी शिवांजलीपाशी थांबली. मग जीपमधे बसली. बँडवाल्यांनी शेवटचं गाणं जोरात लावलं असावं, कारण शिवांजलीच्या डाव्या कानात ढोलाचे ठोके येत होते. जीप हलली, आणि तेवढ्यात आम्रपालीनं खिडकीतून तोंड बाहेर काढून काहीतरी म्हटलं. लांबलचक म्हटलं. गळ्यातल्या हारानं, पदरानं आणि मधल्या माणसांनी तिचं अर्धं तोंड झाकलेलं होतं.

शिवांजली वळली. "काय म्हणली ती?"

पोरींनी एकमेकींकडं बघितलं. कावेरीनं डोळे पुसले, शिवांजलीच्या समोर येऊन उभी राहिली.

"आमाला बी ऐकू आलं न्हाई गं," ती म्हणाली. "बँड लई जोरात होता."

जीप नगर रोडला लागेपर्यंत सगळ्याजणी तिथंच उभ्या राहिल्या. मग कुणाला माजलगावची गाडी होती, कुणाला शिरूरची. अप्पा टोपी सारखी करत शिवांजलीजवळ आले. नेहमीसारखा त्यांनी नुसता हात केला नाही. तिच्यासमोर थांबले, घसा खाकरला, आणि ओठ सावकाश हलवून म्हणाले, "चांगली होती पोरगी."

"हाय," शिवांजली म्हणाली.

ती दोघं चालत बसस्टँडला गेली. साडेपाचची गाडी चुकली होती. पुढची सातला होती, म्हणून ती फलाटाच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी बसून राहिली.